पट्टीला कुलूप: मोजमाप प्रकल्पाच्या नोंदी

७ जुलै

सुरू केलं एकदाचं. १४ मुलं, वय ५ ते ७, आठवड्यातून दोन-तीनदा ४० मिनिटं, पाच-सहा आठवडे चालेल असा अंदाज. मुलांची नावं नोंदीत लिहायची नाहीत असं ठरवलंय, त्यामुळे जी सारखी सारखी नोंदीत येणार त्यांना मीच टोपणनावं देऊन टाकली. वकील (प्रत्येक गोष्टीवर हरकत), इंजिन (चालत कधी जात नाही, पळतच जातो) आणि मुंगी (सगळ्यात लहान, बोलणं कमी, काम चालूच).

आणि पट्ट्या सगळ्या कपाटात, कुलूप लावून. मागच्या बॅचला मी पहिल्याच दिवशी पट्टी दिली होती आणि सगळे खूश, मी पण खूश, धडाधड सेंटीमीटर सांगायला लागले. मग लक्षात आलं की अर्धी मुलं १ च्या आकड्यापासून मोजतायत आणि पट्टी अर्धा सेंटीमीटर सरकली तरी त्यांना काही वाटत नाही, कारण पट्टी म्हणजे आकडे छापलेली काठी, शेवटी जो आकडा दिसेल तो ओरडून सांगायचा, एवढंच त्यांना कळलं होतं. म्हणून यावेळी पट्टी सगळ्यात शेवटी.

आज फक्त तुलना. दोन सारख्या पेन्सिली शेजारी शेजारी ठेवल्या, सगळे म्हणाले सारख्या. मग त्यातली एक सगळ्यांच्या डोळ्यांदेखत दोन बोटं पुढे सरकवली. आता कुठली लांब? पाच जणांनी पुढची दाखवली. हा मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजेचा जुना प्रसिद्ध प्रयोग, वाचून माहीत होता, पण आत्ता 'सारख्याच' म्हणणारं पोर एका मिनिटात 'ही मोठी झाली' म्हणतं तेव्हा गंमत वाटते ती वाटतेच. समजावून सांगितलं नाही, उपयोग नसतो. त्याऐवजी पाठीला पाठ लावून उंची बघायचा खेळ घेतला. इंजिन चवड्यावर उभा राहिला आणि वकिलाने लगेच हरकत घेतली, "टाचा खाली! खालून सगळे सारखे पायजेत!" हे वाक्य मी फळ्यावर लिहून ठेवलंय, पेन्सिलींच्या वेळी लागेल.

९ जुलै

प्रश्न दिला: कोपऱ्यातलं कपाट दारातून बाहेर जाईल का? न ढकलता सांगायचं.

इंजिनाने कपाटासमोर जाऊन दोन्ही हात पसरले, रुंदीएवढे धरले आणि तसेच हात ताठ धरून दाराकडे निघाला, या वेळी चक्क चालत, बाकीचे मागून ओरडतायत "हात हलवू नको हात हलवू नको". मधे खुर्ची आली, वळावं लागलं, दाराशी पोचेपर्यंत हात दोन विती आत आलेले. "जातंय!" म्हणाला. मुंगी काहीच बोलली नाही, माझ्या टेबलावरची लोकर उचलली आणि कपाटाला लावली. म्हणजे मधे तिसरी वस्तू आणायची, हे तिला न सांगता सुचलं.

पण लोकर ताणते. दाराला लावताना दुसऱ्या बाजूने कोणीतरी खेचली आणि कपाट 'जात नाही' ठरलं. लोकर टेबलावर ठेवली मीच, चूक माझी. सुतळी दिल्यावर कपाट दारातून आरामात जातंय असं निघालं.

१४ जुलै

आज फसलं. सगळं.

प्लॅन असा होता की टेबल आपापल्या वितीने मोजायचं, प्रत्येकाचा आकडा वेगळा येईल, मुलं गोंधळतील, 'असं कसं?' विचारतील आणि मी विजयी मुद्रेने पुढचा प्रश्न टाकेन. आकडे वेगळे आलेच, ७, ९, ११, एकाचे तर १५. पण गोंधळ कोणाचाच उडाला नाही! ज्याचे १५ आले तो जिंकला, बाकीचे हरले, विषय संपला. वकील सोडून, पण त्याची हरकत एवढीच की १५ वाल्याने चीटिंग केली. ७ वाल्याने परत मोजलं आणि विती आखूड आखूड टाकत १२ वर नेले.

घरी येऊन विचार केला. मुलांसाठी हे आकडे कशालाच लागणार नव्हते. टेबल ७ असलं काय नि १५ असलं काय, कोणाचं काय अडलं? आकडा चुकला तर काहीतरी बिघडलं पाहिजे, तेही त्यांच्या डोळ्यांसमोर. तरच 'तुझी वीत आणि माझी वीत' हे भांडण खरं होईल. आम्ही मोठी माणसं तरी काम अडल्याशिवाय टेप कुठे शोधतो.

१६ जुलै

ऑर्डरचा खेळ. दोन गट, दोन खोल्या. या खोलीतल्या गटाने फळ्याची खालची कड मोजायची, चिठ्ठीवर आकडा लिहून पलीकडे पाठवायचा आणि पलीकडच्यांनी तेवढीच लांब कागदाची पट्टी कापून आणायची, कारण फळ्याखाली झालर लावायचीय. झालर त्यांनीच रंगवलेली, त्यामुळे जीव अडकलेला. मोजायचं पावलांनी.

वकिलाने फळ्याखाली जमिनीवर टाच-चवडा टाच-चवडा करत दहा पावलं मोजली, चिठ्ठीवर १० लिहिलं, पलीकडे मुंगीने मोजून दहा पावलांची झालर कापली. लावून बघितली तर फळा थोडा उघडाच. शांतता. मग जे काय भांडण झालं! "तू नऊच टाकलीस" "दहाच टाकली, परत टाकून दाखवू?" आणि तिने टाकून दाखवली, बरोबर दहा, झालर तेवढीच. मग कोणीतरी खाली बघून म्हणालं, "हिचा पाय बघा ना केवढासाय."

हे एक वाक्य ऐकायला मी सोमवारी वितींची सगळी कसरत केली होती.

एकाचंच पाऊल घ्यायचं असं ठरलं. कोणाचं यावर मतदान, मुंगी निवडून आली (माझ्या मते तिचं वाईट वाटल्यामुळे). पुठ्ठ्यावर तिचा पाय आखून कापला. आता प्रत्येकाला एक हवं म्हणून कॉप्या काढायला बसले. पहिल्याने मुंगीच्या पुठ्ठ्यावरून आखलं, दुसऱ्याने पहिल्याच्या पुठ्ठ्यावरून, तिसऱ्याने दुसऱ्याच्या, अशी साखळी. आखताना पेन्सिल कडेच्या बाहेरून फिरते, कापताना कात्री रेषेच्या बाहेरून, त्यामुळे प्रत्येक कॉपी आधीच्यापेक्षा जराशी मोठी, आणि सातवं पाऊल मूळ पावलावर ठेवलं तर बोटभर पुढे! हे मी ठरवून केलेलं नव्हतं, आपोआप झालं, पण आजच्या दिवसातली सगळ्यात भारी गोष्ट हीच. मुलांनी स्वतःच नियम केला की मूळ पुठ्ठा म्हणजे 'आई-पाऊल', कॉपी फक्त तिच्यावरून काढायची, पिल्लावरून नाही. आई-पाऊल पाकिटात घालून माझ्या ड्रॉवरमध्ये. सगळ्या जुन्या कॉप्या बाद, नव्या कापल्या, रेषेच्या आतून.

२१ जुलै

झालर आई-पावलाच्या हिशोबाने परत कापली. दहा पावलं आणि थोडं उरतं. 'थोडं' म्हणजे किती? एक म्हणाला अर्धं, एक म्हणाला चिमूटभर. मुंगीने उरलेल्या जागेत बोटं आडवी ठेवली, तीन बोटं बसली. म्हणजे दहा पावलं तीन बोटं. मी मनात म्हटलं बाई गं, हे प्राचीन इजिप्तमध्ये असंच करायचे. त्यांचा शाही हात म्हणजे कोपरापासूनचं माप, साधारण ५२ सेंटीमीटर, त्याचे ७ तळवे आणि प्रत्येक तळव्याची ४ बोटं, एकूण २८ बोटं. त्या हातांच्या लाकडाच्या आणि दगडाच्या मोजपट्ट्या आजही म्युझियममध्ये बघायला मिळतात. मुलांना एवढंच सांगितलं की फार फार जुन्या काळी पण मोठ्या मापाच्या पोटात बोटं असायची. वकिलाने विचारलं, "कोणाची बोटं?" बरोबर आहे त्याचं.

उरलेला वेळ क्लिपा, कागदाला लावायच्या साध्या. ट्रेची कड मोजायची. इथे नीट बसून बघितलं एकेकाकडे, कारण मोजणीत कोणीच चुकत नव्हतं, १, २, ३ सगळ्यांना येतं, चूक होती ती क्लिपा मांडण्यात. एकाच्या दोन क्लिपांमधे बोट जाईल एवढी फट. एकीने एकात एक अडकवत नेल्या, म्हणजे प्रत्येक क्लिप पुढचीवर चढलेली. एकाची रांग सुरू झाली कडेवर आणि गेली तिरकी ट्रेच्या मधोमध. आणि इंजिनाच्या सात क्लिपा लावून संपल्या, बाकीच्या दुसऱ्यांनी घेतलेल्या, तर त्याने शांतपणे उरलेल्या जागेत दोन पेन्सिली ठेवल्या आणि सांगितलं, "नऊ."

नऊ काय?

"नऊ वस्तू."

चूक म्हणायला जीभ उचलेना, कारण मी 'किती' एवढंच विचारत होते. उद्यापासून मीच आकड्यासोबत नाव घेतल्याशिवाय बोलायचं नाही. सात क्लिपा. दहा पावलं. नुसते सात नाही.

२३ जुलै

आज क्लिपांचा ढीग दिलाच नाही, प्रत्येकाला एकच क्लिप. तीच पुढे पुढे टाकत मोजायचं. फार अवघड जातं हे, माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी. क्लिप उचलली की ती कुठे संपली होती ते हरवतं. मग बहुतेक जण तिथे बोट ठेवतात आणि पुढची क्लिप बोटाच्या पलीकडून सुरू करतात, म्हणजे दर वेळी एक बोट फुकट. मी दहा मिनिटं गप्प बसून बघत होते आणि ओठ चावत होते. शेवटी एका मुलीने खडूने रेघ मारली क्लिप संपते तिथे. बाकीच्यांनी लगेच कॉपी मारली, आणि टेबलावर रेघा रेघा रेघा. नीट बघितलं तर ती पट्टीच तयार होत होती, टेबलावर खडूची, फक्त अजून कोणाला दिसत नव्हती. मी पण बोलले नाही.

शेवटची दहा मिनिटं अंदाजाचा प्रश्न: टेबलावर क्लिपा जास्त बसतील की पेन्सिली? जवळजवळ सगळे म्हणाले पेन्सिली, कारण पेन्सिल मोठी. प्रत्यक्षात पेन्सिली जेमतेम सात, क्लिपा सदतीस. माप मोठं तर आकडा लहान, हे उलटं गणित त्यांना लगेच पचत नाही, आज दोन-तीन जणांच्या चेहऱ्यावर उजेड पडला, बाकीच्यांना हा माझा जादूचा प्रयोग वाटला. परत घ्यावं लागणार.

२५ जुलै

निम्मी मुलं आजारी. आलेल्यांनी आई-पावलाची पिल्लं घेऊन खोलीभर जे दिसेल ते मोजलं. खिडकी, दप्तर, मला. मी उभी असताना नऊ पावलं आणि निजल्यावर साडेनऊ भरले, हा फरक का आला यावर चर्चा अर्धवट राहिली. (उभं असताना पुठ्ठे घसरत होते, बहुतेक मधे मधे फटी राहिल्या.)

२८ जुलै

पाणी, वाळू आणि तराजू, सगळं एकाच दिवशी घेतलं हा मूर्खपणा. पुसायला अर्धा तास लागला.

उंच निमुळती बाटली आणि बुटकी रुंद बाटली, कशात जास्त मावतं? सगळे उंचीवाले. ग्लासने भरून बघितलं, दोन्हीत चारच. वकील म्हणाला परत भरा. परत चार. मग म्हणाला ग्लास बघू. ग्लास तपासला त्याने! मग त्याला सापडलं की पहिल्यांदा भरताना ग्लास काठोकाठ होता आणि नंतर जरा कमी, म्हणजे हरकत खरी होती, उत्तर मात्र बदललं नाही. त्यावरून ग्लासला बाहेरून चिकटपट्टी लावून 'इथपर्यंत' अशी रेघ मारली.

वाळूची तीच गत. एक चमचा म्हणजे शिगोशीग की सपाट? पाच चमच्यांत जी वाटी भरली तीच सपाट चमच्याने आठ. पुठ्ठ्याने वरून काढून सपाट करायचं ठरलं. इथे फट नाही, तिरकी रांग नाही, पण दुखणं तेच, प्रत्येक वेळचा चमचा सारखा हवा.

तराजू हँगरचा. दोन टोकांना सुतळीने दोन कागदी कप, मधे खुंटी. मोठा थर्माकोलचा तुकडा आणि छोटा दगड, कुठला जड? हातात न घेता विचारलं तर थर्माकोल, हातात दिल्यावर हसायला लागले. खरी गंमत पुढे, खोडरबर तोलायला घेतला तर एका बाजूला पाच क्लिपा लागल्या आणि कप बदलल्यावर तीन. रिकामा तराजूच मुळात एका बाजूला झुकलेला, सुतळीची गाठ एकीकडे मोठी बांधली होती. क्लेचा गोळा लावून सरळ केला, मग दोन्हीकडून चार क्लिपा. आता मुंगी तोलण्याआधी रिकाम्या तराजूकडे एक डोळा बंद करून बघते.

१ ऑगस्ट

वेळ मोजणं. दोरीला नट बांधून टांगला. दोरी मी घरी मोजून आणली, नटाच्या मध्यापर्यंत साधारण १ मीटर, म्हणजे जाऊन परत यायला २ सेकंद लागतात. हे मुलांना सांगितलं नाही, त्यांच्यासाठी तो 'एक झोका'. दप्तर आवरायला किती झोके, बूट घालायला किती. इंजिनाने नट जोरात ढकलला, म्हणजे झोके पटापट संपतील आणि त्याचा आकडा... इथे तो अडकला, त्याला जास्त हवा की कमी? शर्यतीत कमी आकडा जिंकतो हे त्याने बूट घालता घालता शोधलं. जोरात ढकलून झोक्यांना विशेष फरक पडत नाही, लांब जातो पण तसाच झपकन येतो. दोरी पाव केली (२५ सेंटीमीटर) तर मात्र दुप्पट झोके. वकील खूश, त्याला आता कारण न देता म्हणता येतं, "कुठल्या दोरीने मोजलंस?"

४ ऑगस्ट

आज त्यांची स्वतःची पट्टी. लांब कागद, त्यावर पिल्लू-पावलं एकामागे एक आखायची, एक लाल एक निळा असे घर रंगवायचे, आकडे घालायचे. आकडे कुठे घालायचे हे मी मुद्दाम सांगितलं नाही. सगळ्यांनी, अगदी चौदाच्या चौदा जणांनी, आकडा घराच्या मधे लिहिला. पहिलं घर १, दुसरं घर २. आणि ते चूक नाहीच! ते घरं मोजतायत. खऱ्या पट्टीवर आकडा असतो घर संपतं त्या रेघेवर आणि सुरुवातीला एक शून्य बसलेलं असतं ज्याचं कोणाला काही पडलेलं नसतं. मागच्या बॅचची अडचण इथे होती, मला आत्ता कळतंय, त्यांनी घरं कधी बघितलीच नव्हती, थेट रेघा बघितल्या आणि रेघा मोजल्या.

मग विचारलं, दार साडेबारा घरं आहे, तर 'इथे दहा घरं पूर्ण झाली' हे लांबून पटकन कळायला खूण कुठे करू? बराच वेळ खाडाखोड. मुंगीने दहाव्या घराच्या शेवटच्या रेघेवर दहा लिहिलं. मग नववं तसंच, आठवं तसंच, मागे मागे येत पहिल्यापर्यंत, आणि सुरुवातीची रेघ उरली. "इथे काय?" "अजून काहीच नाही झालं." "मग काहीच नाही लिही." तिने गोल काढला.

८ ऑगस्ट

कुलूप उघडलं. पट्ट्या वाटल्या. पहिली प्रतिक्रिया: "यात किती बारीक घरं आहेत!" मिलिमीटर. दुसरी, वकिलाची: "याची सुरुवात कुठेय?" आणि बघा, हातातल्या पट्ट्या दोन प्रकारच्या निघाल्या. काहींचं शून्य अगदी टोकाला, काहींचं टोकापासून जरा आत. इतकी वर्षं पट्टी वापरतेय, मी वाटताना बघितलंही नव्हतं. एका लाकडी पट्टीचा तर कोपरा झिजून शून्यच गायब.

तिच्यावरून परीक्षा सुचली. एक प्लॅस्टिकची पट्टी मी ३ च्या रेघेवर मोडली (आवाज आला तेव्हा सगळे दचकले, मी पण) आणि खडू तिला लावला, ३ पासून १० पर्यंत. किती सेंटीमीटर? चार जण म्हणाले दहा, शेवटचा आकडा. तीन जण आठ, ते रेघा मोजत होते, ३ ची पण धरून. बाकी सात जणांनी सात सांगितलं, त्यातल्या दोघांनी बोट घराघरातून उड्या मारत नेलं. आठ म्हणणाऱ्यातल्या एकीला म्हटलं घरं रंगव, तिने रंगवली, सात झाली, ती पट्टीकडे अशी बघत राहिली जसं पट्टीनेच फसवलं.

चौदातले सात. निम्मे. खरं सांगू तर मला बारा-तेराची आशा होती. दहा म्हणणारे चौघं २५ तारखेला आलेले नव्हते असं म्हणून स्वतःची समजूत घालता येईल, पण त्यातला एक आला होता. पुढच्या वेळी घरं रंगवायचा भाग दोन दिवस आधी आणि जास्त वेळ.

११ ऑगस्ट

शेवटचा तास. आई-पाऊल पाकिटातून काढून खऱ्या पट्टीने मोजलं, १७ सेंटीमीटर आणि ३ बारीक घरं. मुंगीने आपला पाय तिच्यावर ठेवून बघितला, अजून तेवढाच.

वकिलाने हात वर केला. "ताई, पावलाची आई आपल्या ड्रॉवरमध्ये आहे. मग सेंटीमीटरची आई कुठे ठेवलीय?"

असला प्रश्न येईल याची मी तयारी केली नव्हती, पण उत्तर माहीत होतं हे नशीब. सांगितलं की खूप वर्षं ती खरंच होती, १८८९ पासून, प्लॅटिनम आणि इरिडियमची मीटरभर दांडी, पॅरिसजवळ सेव्हर्सला जपून ठेवलेली, अशा ३० दांड्या बनवून त्यातली एक आई ठरवली आणि बाकीच्या बऱ्याचशा देशादेशांना वाटल्या. १९६० मध्ये तिचं काम काढून घेतलं आणि १९८३ पासून मीटर म्हणजे प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढा जातो तेवढं अंतर. आकडा फळ्यावर लिहिला, कोणी वाचला नाही. आता आई अशी कुठे ठेवलेली नाही म्हटलं, ज्याला हवी त्याने उजेडावरून काढून घ्यायची.

"म्हणजे पिल्लावरून नाही ना काढत?" वकील.

नाही म्हटलं.

तो समाधानाने बसला. इंजिन तोवर आई-पाऊल घेऊन पळालेला, बाहेरचा व्हरांडा मोजायचा होता त्याला आणि पट्टी फारच छोटी पडते म्हणाला.

सामान परत: क्लिपा २५० पैकी २१२, पट्ट्या १४ आणि एक मोडकी, ग्लास ३, हँगर १. लोकर कोणीतरी घरी नेली. आई-पाऊल अजून आलेलं नाही.